येनाच्या पायाशी ठेवलेली मते

मूल गावच्या धानगिरणीची ओसरी अजून आहे. गिरणी मात्र कधीच थांबली. मागच्या भाद्रपदात मी तिथे उभी राहिले, तेव्हा कान आपोआप पट्ट्याची फटफट शोधू लागले, आणि नाकाला कोंड्याचा तो गोडसर, किंचित कुबट वास हवासा झाला. दोन्ही नव्हते. भिंतीला टेकून सोयाबीनची पोती रचलेली होती. गिरणीवाल्यांच्या धाकट्या सुनेने आतून एक चौकोनी डबा आणला आणि माझ्यापुढे ठेवला.

"बाई, मामाजी म्हनत होते, हा तुमच्या पार्टीचा डबा व्हय. आमी सुतळी ठेवतो यात. पायजे तं घेऊन जा."

डबा जवसाच्या तेलाचा. झाकणाला बोटभर लांबीची चीर पाडलेली. एका अंगावर हिरव्या रंगाने काढलेले झाड. पानांचे पोपडे उडून गेले होते, पण खोडाच्या सालीवरच्या भेगा शाबूत होत्या. त्या मी ओढल्या होत्या, काडीला कापूस गुंडाळून, एकेक. मी सुतळीचे गुंडे बाहेर काढून ठेवले, डबा पदराने पुसला, आणि पुष्कळ वेळ त्या भेगांकडे बघत बसले.

लिहिण्याची सवय मला नाही. जन्मभर दुसऱ्यांची भाषणे आणि ठराव नीट अक्षरात उतरवून घेतले. स्वतःचे असे एक पानही कधी लिहिले नाही. त्यामुळे हे कोठून सुरू करावे तेही कळत नाही. डब्यापासूनच करते.

त्या काळी आमचा जिल्हा चांदा होता आणि आमची राजधानी नागपूर. माझे काकाजी, म्हणजे वडिलांचे थोरले बंधू, जंगल खात्याच्या कचेरीसमोर चिंचेखाली अर्ज लिहीत असत. वडील लवकर गेल्यामुळे मी त्यांच्याच घरी वाढले होते, आणि त्यांच्याच हट्टाने नागपूरला जाऊन शिकून आले होते. काकाजींकडे येणारी माणसे पहाटे निघालेली असत. त्यांच्या अंगाला धुराचा आणि ओल्या पानांचा वास येई. त्यांचे मागणे बहुधा एकच असे : निस्तार. घराला लाकूड, चुलीला सरपण, कुंपणाला बांबू आणि गुरांना चराई जंगलातून आणण्याचा जो बापजाद्यांचा रिवाज, त्याला आमच्याकडे निस्तार म्हणतात. जमीनदाऱ्या गेल्या, जंगले सरकारकडे आली, आणि तो रिवाज एकाएकी गुन्हा झाला.

काकाजी शाईत टाक बुडवण्यापूर्वी प्रत्येकाला विचारीत, "तुमच्या गावाले झाड कोनतं हाये, भाऊ?" अर्जात त्याचे काही काम नसे. पण ते उत्तर ऐकल्यावाचून त्यांना पहिली ओळ सुचत नसे. माणूस सांगे, मोह, येन, तेंदू, आणि सांगता सांगता मोकळा होई.

एके दिवशी एका म्हाताऱ्याने आपला तिसरा अर्ज तसाच फेटाळून परत आलेला पाहिला आणि तो म्हणाला, "काकाजी, कागद तिथी जाऊन मरते. तुमीच जा ना तिथी."

निस्तार पक्षाचा जन्म तो. बाकी घटना, ध्येये, नियम हे सारे नंतर गिरणीच्या ओसरीत झाले. पट्ट्याच्या फटफटीत एकमेकांचे ऐकू यावे म्हणून सगळे ओरडून बोलत, आणि एखादा ठराव मंजूर होताहोता पट्टा थांबला, की त्या अचानक शांततेत आपल्याच आवाजाला दचकत. मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत असे. डोक्यावर, भुवयांवर, वहीच्या पानांवर कोंड्याची बारीक पूड बसे. त्या वहीला अखेरपर्यंत तो वास होता.

पहिली निवडणूक आली. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे, पेटीवर त्याचे चित्र, आणि मतदाराने पडद्याआड जाऊन आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. वरून आलेल्या चित्रांपैकी काकाजींनी झाड मागितले आणि ते मिळाले. गावोगाव जाऊन मत कसे द्यायचे ते दाखवावे म्हणून आम्ही हा डबा केला. चीर टिनवाल्याने पाडली. झाड मी काढले.

मी चित्रकलेत बरी होते. सरकारी चित्रातले झाड कोणतेही होते, गोल डोक्याचे. मी मात्र आमच्या ओसरीसमोरचा येन, म्हणजे ऐनाचे झाड, बघून काढला : सरळसोट खोड, आणि मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची साल. काकाजींनी डबा उचलून उन्हात धरला. म्हणाले, "पोरी, याले तं वारा लागून राह्यला!" त्यांनी माझी केलेली तेवढी एकच स्तुती मला आठवते.

धान निघून गेल्यावरचे ते दिवस. बांध्या रिकाम्या, नुसत्या धसकटांच्या. सकाळी धुके गुडघाभर उभे राही आणि त्यातून रेंगीच्या बैलांची फक्त शिंगे पुढे जाताना दिसत. वैनगंगा ओलांडली की वाळूचा गार वास मागे पडे आणि जंगलाचा सुरू होई : सुकलेला पाला, शेण, कुठेतरी उकळणारा मोह. काकाजी रेंगीत बसल्या बसल्या नव्याच शिकलेली गोंडी वाक्ये घोकत. चुकत, आणि गाडीवान हसे.

येरमटोला हे त्या फेरीतले शेवटचे गाव. तिथे चैतू गायता होता. गायता म्हणजे गावाच्या देवाचे करणारा, गावातला पहिला शब्द त्याचा. गावाच्या शिवेवर एक जुना येन, आणि त्या येनात त्यांचा पेन, म्हणजे देव. काकाजींनी त्याच्या सावलीत, अर्धे मराठीत नि अर्धे गोंडीत, भाषण केले. शेवटी म्हणाले, "आनखी एक ध्यानात ठेवा. तिथी कचेरीचा मानूस बसला राह्यन. तो कायबी सांगन. त्याचं आयकू नका. आमची बाई सांगते तसंच करा." आणि पाटलाने बोलावले म्हणून ते विहिरीचे भांडण बघायला निघून गेले.

मी डबा एका दगडावर ठेवला. चीर दाखवली. कागद आत टाकला. सगळे गाव बघत होते. बायका पुढे सरकल्या, आणि त्यांच्यातल्या एका नव्या नवरीने डब्यावरच्या सालीला बोट लावून पाहिले. "येन," ती म्हणाली. गर्दीत तो शब्द मागे मागे गेला. येन, येन.

चैतू गायता उठला. त्याने माझ्या हातचा दुसरा कागद घेतला, पण चिरेकडे नेला नाही. डब्यापुढे उकिडवा बसून त्याने तो कागद चित्रातल्या झाडाच्या बुडाशी ठेवला, कमरेच्या गाठीतून तांदळाचे चार दाणे काढून त्यावर वाहिले, हात जोडले. मग माझ्याकडे वळून, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "झाडाच्या पोटात काई टाकत नाई आमी, बाई. पायाशी ठेवतो. असं चालते ना?"

मला सारे स्पष्ट समजले होते. 'नाही' एवढाच शब्द म्हणायचा होता. पण पन्नास-साठ माणसे गप्प उभी होती, हात जोडलेले होते, आणि ज्याचा शब्द गावात कोणी खोडत नाही तो म्हातारा माझ्या तोंडाकडे पाहत होता. त्याच्या देवापुढे, त्याच्या लेकीसुनांपुढे, मी बावीस वर्षांची मुलगी त्याला चूक ठरवणार! मी मान डोलावली.

गावाने एकदम श्वास सोडला. कोणी तरी हसले. नव्या नवरीने मला पळसाच्या दोन्यात नव्या तांदळाचा भात दिला. तो वास अजून माझ्या नाकात आहे.

वाटेत काकाजींना सांगायचे, उद्या ते परत येतील आणि समजावतील, असे मी ठरवले होते. रेंगी निघाली. काकाजी पाय खाली सोडून बसले होते, मुलासारखे. "हे गाव पुरं आपलं, पोरी! गायत्यानं मले आपल्या हातची तंबाखू देल्ली. लिहून ठेव वहीत." मी वही काढली आणि लिहून ठेवले.

मतदानाच्या दिवशी त्या भागातल्या केंद्रावर पक्षाच्या वतीने मीच बसले होते. शाळेची एकच खोली, कुडाच्या भिंती, आणि मध्ये जुन्या सतरंजीचा पडदा. येरमटोल्याची माणसे उन्हे वर आल्यावर आली. एका मागे एक, बायका पुढे, धुतलेल्या लुगड्यांत. प्रत्येकीच्या पदराला गाठ होती. त्या गाठींत तांदूळ होते, हे मला बघताक्षणी कळले.

एकेक बाई पडद्याआड जाई आणि पाठ न फिरवता, मागे मागे पावले टाकीत बाहेर येई. देवापासून तसेच परततात.

केंद्राचे अधिकारी वरोऱ्याकडचे एक सौम्य मास्तर होते. ते मध्येच आत डोकावून आले आणि रांगेला म्हणाले, "बाप्पाहो, कागद पेटीत टाकायचा असतो बरं." रांग त्यांच्याकडे पाहून हसली. कचेरीचा माणूस काहीही सांगेल, हे त्यांना आधीच सांगितलेले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले.

संध्याकाळी मास्तरांनी सतरंजी बाजूला केली. झाडाच्या पेटीपुढे कागद होते. विखुरलेले नव्हेत, एकावर एक, काठ जुळवून ठेवलेले. वर तांदूळ, हळद. मुंग्यांची एक रांग आधीच लागली होती. मास्तरांनी वाकून वरचे तांदूळ बाजूला केले. मग हलकेच म्हणाले, "पेटीबाहेरची आहेत. नियमानं बाद धरावी लागतील. बाई, तुम्हाला काही नोंदवायचं आहे?"

मी म्हटले, "नाही." आणि त्यांनी दाखवली तिथे सही केली. हळदीचा डाग बोटाला लागला होता. तो सहीवर उमटला.

काकाजी थोडक्यात पडले. किती थोडक्यात, ते मी इथे लिहीत नाही; एवढेच सांगते, की ती येरमटोल्याची रांग पुरेशी होती. मोजणीत त्या केंद्राची झाडाची पेटी जवळजवळ रिकामी निघाली. पेटीबाहेरची मते बाद मतांच्या सरसकट ढिगात कुठेतरी मिसळून गेली होती, आणि ती कोणाची, हे विचारण्याचे कोणाला सुचले नाही. ओसरीत त्या संध्याकाळी पट्टा बंद होता. पक्षाचे चिटणीस शामरावभाऊ म्हणाले, "येरमटोला बाटलीवर इकल्या गेलं, काकाजी. सरळ गोष्ट हाये."

"नाई बा," काकाजी म्हणाले. मग थोड्या वेळाने, "त्यायचे अर्ज मी फुकट लिवत होतो." मग आणखी थोड्या वेळाने, कोणाकडेही न पाहता, "गायत्यानं तंबाखू काऊन देल्ली मंग मले?"

मी दोन हातांवर बसले होते. सांगायचे तर काय सांगायचे? गावाने धोका दिला नाही, मी दिला? ओसरीत दहा माणसे होती. मी उद्यावर टाकले. उद्या माणसे पंधरा होती. आणि असे करता करता ती गोष्ट सांगण्याची वेळ निघून गेली. ती नेमकी कोणत्या दिवशी गेली, हे मी पुष्कळदा आठवून पाहिले आहे.

विचित्र हे, की हरल्यावर पक्ष वाढला. भंडाऱ्याकडचा आमचा एक माणूस निवडून आला होता. त्याच्यामागे बालाघाटचे लोक आले, बस्तरकडून एक शिक्षक आले. सावली गावाला शाखा झाली. नागपूरला एका छापखान्याच्या माडीवर कचेरी झाली, तिथे शाईचा आणि खालच्या खानावळीतल्या फोडणीचा वास एकत्र येई. पहिल्या अधिवेशनाला लोक बांबूच्या टोपल्यांतून शिदोरी घेऊन आले होते. तीन भाषांत एकच ठराव वाचला गेला आणि तिन्ही वेळा सर्वांनी हात वर केले. दौऱ्यांची आखणी होई, गावांच्या याद्या होत. काकाजी सांगत आणि मी लिही. येरमटोल्याच्या नावाशी ते थांबत. "तेवढं गाव सोड." एकदा मी टाक थांबवून वर पाहिले. ते म्हणाले, "काऊन? लिव ना. वगळावे." मी लिहिले. वगळावे. माझे अक्षर त्या शब्दात फार सुबक आले आहे.

मग राज्यांच्या सीमा बदलल्या. एका सकाळी आम्ही जागे झालो ते मुंबईच्या राज्यात. बालाघाट, बस्तर पलीकडेच राहिले. तिकडच्या मंडळींची पत्रे काही दिवस येत होती, पुढे सणावारी, पुढे नाही. भंडाऱ्याचा निवडून आलेला माणूस मोठ्या पक्षात गेला. पुढच्या निवडणुकीत आमच्या वाट्याला झाडही आले नाही. शिडी मिळाली. झाड एका लाकडाच्या ठेकेदाराने घेतले.

शिडीचे चित्र घेऊन आम्ही गावोगाव फिरलो. आता झाड नाही, शिडी, असे घसा बसेपर्यंत सांगितले. येरमटोला यादीत नव्हते.

त्या केंद्रावर झाडाची पेटी या वेळी भरून निघाली. सगळे कागद आत होते, एकही बाहेर नाही. काकाजींना सांगितले, तेव्हा ते फक्त एवढेच म्हणाले, "ठेकेदारालेच देल्लं ना शेवटी!" त्यानंतर त्यांच्या तोंडून त्या गावाचे नाव निघाले नाही. वर्षभरात ओसरीतली बैठक शनिवारवरून पौर्णिमेवर गेली, आणि एका पौर्णिमेला फक्त आम्ही दोघेच आलो. काकाजी पुन्हा चिंचेखाली अर्ज लिहू लागले. नजर मंदावली, तेव्हा ते सांगत आणि मी लिही. शेवटच्या हिवाळ्यात, पांघरुणातून हात बाहेर काढून ते म्हणाले, "सगळ्या गावायचे अर्ज येते. तिथचा एकबी नाई आला." मी त्यांचा हात पांघरुणात घातला. दुपार होती, घरात तिसरे कोणीही नव्हते. तरीही.

मागच्या भाद्रपदात हा डबा मांडीवर घेऊन मी एस.टी.त बसले. नदीवर पूल झाला आहे. जंगल रस्त्यापासून मागे सरकले आहे. येरमटोल्यात उतरले, तेव्हा गावात नवे खाण्याचा सण होता. हलक्या धानाचा पहिला तांदूळ आधी देवाला, मग माणसांना. शिवेवर येन नव्हता. त्याच्या जागी तोडलेला बुंधा आणि त्यातून फुटलेले मनगटाएवढे दोन धुमारे. मात्र दोने तिथेच मांडलेले होते.

एक म्हातारी तिथे बसून माश्या वारीत होती. तिची नजर डब्यावर गेली. ती उठली, जवळ आली आणि तिने सालीच्या भेगांवर बोट फिरवले.

"येन," ती म्हणाली. "तू ते बाई व्हय ना, न बोलनारी?"

ती सोमारी होती, चैतू गायत्याची सून. तेव्हाची नवी नवरी. मला जे सांगायचे होते ते मी सबंध रस्ताभर घोकून आले होते. पण बोलू लागली ती.

"पयल्या बारी आमी पायाशी ठेवलं. मंग जंगलाचा नाकेदार हासून हासून सांगे, का तुमचे कागद फेकून देल्ले, आत टाकाचे असते. बुढा तीन दिवस जेवला नाई. म्हने, पेन मले माफ करन, काकाजी नाई करन. दुसऱ्या बारी बुढ्यानं एकेकाले शिकवलं, का आत टाका, झाडाच्या पोटात टाका, पाप लागन तं मले लागन. आमी समदे आत टाकलं. झाड जितलं बी. ढोल वाजवला आमी! मंग मालूम पडलं, झाडावर तं ठेकेदार चढून बसला."

ती हसली. दात नव्हते. मग हसू थांबले.

"बुढा मरेपर्यंत दरसाल नव्याचा एक दोना काकाजीच्या नावानं ठेवे. आता मी ठेवतो. थो बघ, कडेचा." तिने माझा हात धरला. तिच्या बोटांना हळद होती. "बाई, मले एक सांग. काकाजीले मालूम होतं ना? का आमी दोन्ही बारी झाडालेच देल्लं? मराच्या आधी त्याले मालूम पडलं होतं ना?"

तिच्या मागे तिच्या नातसुना येऊन उभ्या राहिल्या होत्या. सगळ्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

मी मान डोलावली.

"आयकलं का वो!" सोमारी मागे वळून ओरडली. "काकाजीले मालूम होतं! बुढा फोकटच झुरला!" कोणी तरी हसले. कोणी तरी आत सांगायला धावले. सोमारीने वाकून कडेचा दोना उचलला आणि माझ्या हातात दिला. "मंग हे तू खा. त्याच्या वाट्याचं हाये."

भात कोमट होता. नव्या तांदळाला तोच वास होता. त्या सगळ्या बायकांसमोर उभ्या उभ्या मी तो दोना शेवटच्या शितापर्यंत संपवला.